सात हालीचे सहा कलदार

सुताराने लाकडी मांडणी भिंतीपासून ओढली तेव्हा तिच्या मागून छिटाचं एक ठाण घसरून खाली आलं. धूळ एवढी उडाली की तात्यासाहेबांनी उपरण्याने नाक झाकलं. दुकानाला काचेची कपाटं बसवायची, हे त्यांचं तीन वर्षांपासूनचं घोकणं होतं. यंदा, एकाहत्तर साली, त्याला मुहूर्त लागला होता. औरंगाबादच्या गुलमंडीवर आता सगळ्यांकडेच काच आली होती, मग आपल्याकडे का नको. मी गादीच्या कोपऱ्यात माझ्या उतरत्या मेजाशी बसलो होतो आणि खरं सांगायचं तर मला ह्या उलथापालथीचा वैताग आला होता. दिवाळी आठ दिवसांवर, वर्षाखेरीची मालमोजणी तोंडावर आलेली, आणि ह्यांना नेमका आताच सुतार आठवला. कोणीतरी ते ठाण उचलून माझ्यासमोर टाकलं. एक कड उंदरांनी कुरतडली होती, बाकी कापड धड होतं. जांभळ्या रंगावर पिवळी बुट्टी. पंधरा-वीस वर्षांपूर्वी खेड्यांतल्या बाया ह्या छिटासाठी दुकानाच्या पायरीवर ताटकळत. "बघा मुनीमजी," तात्यासाहेब म्हणाले, "हे तर आपण कवाच इकलं व्हतं." नोकर हसले. मीही हसलो, कारण विनोद माझ्या कामातला होता आणि त्यांना तो मीच शिकवला होता.

आमच्यासारख्या दुकानात, विकलेल्या प्रत्येक वारामागे तो वार आपल्याला कितीला पडला होता हे कोणी लिहीत बसत नाही. रोजचा गल्ला लिहायचा, झालेली खरेदी लिहायची, आणि बाकीचा हिशेब वर्षातून एकदा दिवाळीला करायचा. गेल्या दिवाळीला दुकानात खरेदीच्या भावाने कितीचा माल होता तो घ्यायचा, त्यात वर्षभराची खरेदी मिळवायची, आणि आज मोजून जो उरला तो वजा करायचा. राहील ती विकलेल्या मालाची किंमत. गल्ल्यातून ती काढली की उरला तो नफा. लग्नानंतर एकदा मी माझ्या बायकोला, यमुनाबाईंना, हे समजावून सांगायला बसलो होतो. नव्या नवरीला नवऱ्याची हुशारी कळावी, दुसरं काय. त्या म्हणाल्या, "म्हणजे पिठाच्या डब्यासारखं. होतं ते, दळून आणलं ते, आणि उरलं ते. मधलं आपण खाल्लं." अगदी तसंच, मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "आणि मुंग्यांनी नेलं तर?" तर तेही आपणच खाल्लं असं धरायचं. जे दुकानात नाही ते विकलं गेलं. हरवलेलं, कुरतडलेलं, चोरीला गेलेलं, मांडणीमागे पडलेलं, सगळं विकलेलं. यमुनाबाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "बरं आहे तुमचं. विचारायलाच नको कोणाला." तेव्हा मला त्यांची गंमत वाटली होती.

ठाणाला टाचणीने लावलेली चिठ्ठी अजून शाबूत होती. टाचणी गंजून कागदात उतरली होती. चिठ्ठीवर दोनच अक्षरं, माझ्याच हातची. खरेदीचा भाव गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून आम्ही तो आकड्यांऐवजी अक्षरांत लिहायचो. दहा आकड्यांची दहा अक्षरं ठरलेली होती आणि ती तिघांनाच ठाऊक होती. तात्यासाहेबांना, मला आणि तेव्हा दुकानात कापड मोजणाऱ्या बन्सीला. बन्सीला बाकी लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याच्या सगळ्या आयुष्यात त्याला येणारी अक्षरं तेवढी दहाच. मी वाचलं, पस्तीस. आणि काही कारण नसताना, नुसत्या हाताच्या चाळ्याने, चिठ्ठी उलटी केली. पाठीवर उर्दू छापलेलं होतं. अर्धवट कापलेली एक ओळ आणि रकान्याच्या दोन रेघा.

त्या कागदाची मला इतक्या वर्षांनीही लगेच ओळख पटली. माझे वडील, व्यंकटराव, निजामाच्या तहसिलीत पेशकार होते. पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, आणि कचेरीतले छापील फॉर्म रद्दीत निघाले. वडिलांना चांगला कागद टाकवेना. त्यांनी ते गठ्ठे घरी आणले आणि मी त्यांच्या चिठ्ठ्या कापून दुकानात नेल्या. बावन्नच्या दिवाळीपर्यंत आमच्या सगळ्या चिठ्ठ्या त्या कागदाच्या होत्या. बावन्नच्या दिवाळीला आम्ही वह्या बदलल्या. तोवर हिशेब निजामाच्या हाली रुपयात होता, तिथून पुढे कलदारात, म्हणजे हिंदुस्थान सरकारच्या रुपयात. ढोबळ हिशेब सगळ्या गावाला पाठ होता, सात हालीचे सहा कलदार. नव्या वह्यांबरोबर मी नव्या चिठ्ठ्याही केल्या, पांढऱ्या कोऱ्या कागदाच्या, म्हणजे घोटाळा व्हायला नको. पाठीला उर्दू तो भाव हाली, पाठ कोरी तो भाव कलदार. हे ठाण पस्तीस हालीचं होतं, म्हणजे तीस रुपयांचं. मी चिठ्ठी मेजावर ठेवली. त्रेपन्नच्या मालमोजणीत कोठीतली छिटं मी पस्तीसने लिहिली होती. मला तो पस्तीस दिसत होता. पानाच्या डाव्या अंगाला, एकाखाली एक, पस्तीस, पस्तीस, पस्तीस. तपासल्याची खूण म्हणून मी प्रत्येकावर टिंब दिलं होतं.

वयाची साठी आली की माणसाला नातवंडांची नावं आठवत नाहीत म्हणतात. मला आकडे आठवतात. मी नोकरांना दुसरी मांडणी रिकामी करायला सांगितलं आणि जुन्या वह्यांची पेटी उघडली. पेटीला वाळवी लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला मीच घालतो दरवर्षी. त्रेपन्नची वही काढली, पान उलटलं, आणि ते तसंच होतं, टिंबांसकट. कोठीतल्या मालाची बेरीज चौदा हजार. हाली बंद होणार अशी बोलवा उठली तेव्हा तात्यासाहेबांनी पेटीतले सगळे हाली मालात घातले होते, तो हा माल. लग्नसराईसाठी कोठीत रचून ठेवलेला. पहिल्या वर्षी वह्या बदलताना मी त्याची एकूण रक्कम बरोबर फिरवली होती. पण वर्षभराने मोजणी झाली ती चिठ्ठ्यांवरून, एकेका ठाणाची, आणि ह्या चौदा हजारांच्या पुढे कुठेही सातने भागून सहाने गुणलेलं नव्हतं. चौदा हजार हाली म्हणजे बारा हजार कलदार. फरक दोन हजार. मी तो फरक बोटांवर काढला, मग कागदावर काढला, मग पुन्हा बोटांवर. त्या दोन हजारांना मी ओळखत होतो. सतरा वर्षांपूर्वी ते ह्याच गादीवर तात्यासाहेबांच्या तोंडून ऐकले होते.

बन्सी तात्यासाहेबांच्या भाऊबंदांतला, पिशोरचा. चुलत की चुलतचुलत, ते मला कधी नीट समजलं नाही; मराठ्यांच्या भाऊबंदकीचा हिशेब मला जमलेला नाही. उंच, हाडापेराने मोकळा, आणि कापड मोजताना त्याचं लक्ष कापडाकडे नसायचंच. हात आपोआप चालायचे आणि तो समोरच्या बाईला विचारत असायचा, पोरगी कुठं दिली, पाणी कसंय तिकडं, विहीर लागली का. मला त्याचा थोडा हेवा वाटायचा. माझ्याकडे कोणी गिऱ्हाईक आलं तर मी वर मान करून तात्यासाहेबांकडे बोट दाखवत असे. त्रेपन्नच्या दिवाळीला नफा साडेसहा हजार निघाला. आमचा धंदा रुपयामागे दोन आण्यांचा, छत्तीस हजारांच्या गल्ल्यावर साडेचार हजार सुटायला हवेत. दोन हजार जास्तच सुटले. तात्यासाहेब खूश झाले, म्हणाले नवं राज्य मानवलं. मला धोतरजोडी दिली आणि पगारात दहा रुपयांची वाढ. मी धोतरजोडी घेऊन घरी गेलो आणि वडिलांच्या पाया पडलो. पुढच्या दिवाळीला नफा निघाला अडीच हजार. गल्ला तेवढाच, भाव तेच, लग्नसराई भरभरून झालेली, कोठी पार रिकामी. मी तीन वेळा बेरजा तपासल्या. बेरजा बरोबर होत्या. तात्यासाहेबांनी बराच वेळ पान जुळवलं आणि मग विचारलं, "कोठीची किल्ली कोनाकडं असती?"

मी म्हणालो, "बन्सीकडे." हे खरं होतं. एवढंच मी बोललो आणि त्यापुढे सतरा वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, की मी एवढंच बोललो. तात्यासाहेबांनी त्याला गादीसमोर उभं केलं. "दोन हजारांचा माल गेलाय कोठीतून. भाऊबंद हाईस म्हनून इचारतो, नायतर हर्सूलचा तुरुंग दाखवला असता." बन्सी म्हणाला, "म्या नाय घेतलं." तात्यासाहेब म्हणाले, "मग कोनी, उंदरानं?" बन्सीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, हिशेब मला समजतो, तेव्हा मी काहीतरी सांगेन, अशा नजरेने. मी वहीकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. किल्ली पायरीवर ठेवलेली होती. आणि मग ती गोष्ट घडली जिच्यावर माझा आणि सगळ्या दुकानाचा पुढची सतरा वर्षं गाढ विश्वास बसला. बन्सी गेला त्याच्या पुढच्या दिवाळीला नफा पुन्हा बरोबर साडेचार हजार निघाला. रुपयाला दोन आणे, पैचा फरक नाही. तात्यासाहेब म्हणाले, "बघा." आणखी काही बोलायची गरजच नव्हती. पिशोरला ही बातमी त्यांच्या घरच्या माणसांनीच नेली असणार. चोर गेला आणि बरकत परत आली, असं गावभर झालं.

आता वही माझ्या मांडीवर उघडी होती आणि मला ती सगळी साखळी एका नजरेत दिसत होती. त्रेपन्नच्या दिवाळीला शिल्लक माल मी दोन हजारांनी जास्त धरला. शिल्लक जास्त, म्हणून विकलेल्या मालाची किंमत कमी, म्हणून नफा दोन हजारांनी फुगला; त्याची मला धोतरजोडी मिळाली. तीच फुगलेली शिल्लक पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला आली. कोठी रिकामी झाली, आणि कधी नव्हतेच ते दोन हजारसुद्धा विकलेल्या मालात गेले. नफा दोन हजारांनी आटला. त्याचं फळ बन्सीला मिळालं. तिसऱ्या वर्षी जुन्या चिठ्ठ्या संपल्या होत्या, सगळं सरळ. दोन वर्षांचा नफा एकत्र धरला तर एका पैचीही चूक नाही. मालाच्या मोजणीतली चूक अशीच असते, एका वर्षी वर, दुसऱ्या वर्षी खाली, आणि मग आपली आपण फिटते. कोणी तपासायला आलं असतं तरी त्याला काही सापडलं नसतं. मला माझ्या अक्षराचा फार अभिमान आहे. त्या पानावरचं अक्षर सुंदर होतं.

तात्यासाहेबांना मी त्याच दुपारी सांगितलं. ते जेवून गादीवर आडवे झाले होते, सुतार बाहेर चहाला गेला होता. मी वही समोर ठेवली, चिठ्ठी ठेवली, आणि शक्य तितक्या थोडक्यात सांगितलं. ते उठून बसले. त्यांना हिशेब माझ्यापेक्षा लवकर कळतो, हे मला नेहमीच माहीत होतं. त्यांनी चिठ्ठी उलटीपालटी करून पाहिली, तोंडातल्या तोंडात सातने भागलं.

"मंजी गेलं काहीच नव्हतं," ते म्हणाले.

"नाही."

"एका वर्षी जास्त दिसलं, दुसऱ्या वर्षी कमी."

"हो."

"मग दुकानाचं काय नुकसान झालं?"

"दुकानाचं नाही झालं."

त्यांनी बन्सीचं नाव घ्यावं म्हणून मी वाट पाहत होतो. "मुनीमजी," ते शेवटी म्हणाले, "माझं वय आता अडुसष्ट. गावात माझ्या शब्दाला मान हाय. सतरा वर्सांनी म्या जाऊन काय म्हनू? आमच्या मुनीमाला सातचा पाढा येत नव्हता?" मग त्यांना माझं वाईट वाटलं असावं. आवाज खाली आणून म्हणाले, "तुमचंबी नाव जाईल की. चाळीस वर्सं कमावलेलं. बन्सी काय उपाशी नाय मेला. बाजारात बसतो तुकडे इकत. सुखी हाय." मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत. ते म्हणाले, "दिसतो की येता-जाता." मी वही मिटली. ते पुन्हा आडवे झाले आणि त्यांनी उपरणं डोळ्यांवर घेतलं.

संध्याकाळी उस्मानपुऱ्यातल्या घरापर्यंत पायी गेलो. रोज सायकलरिक्षा करतो, त्या दिवशी सुचलंच नाही. क्रांती चौकाच्या चढावर दम लागला तेव्हा कळलं की मी चालतोय. मनात एकच चाललं होतं, गप्प बसायला हरकत काय. खरोखरच, हरकत काय. चूक फिटली होती. ज्या माणसाने शिक्षा केली त्याला आता माहीत झालं होतं आणि ते उघड करायची त्याची इच्छा नव्हती. ज्याला शिक्षा झाली त्याने कधी दाद मागितली नव्हती. मला रिटायर व्हायला एक वर्ष राहिलं होतं. हारतुरे होतील, तात्यासाहेब माझ्याविषयी दोन शब्द बोलतील, केशवरावांच्या वहीत कधी खाडाखोड झाली नाही असं म्हणतील. मला ते वाक्य ऐकायचं होतं. हे लिहायला लाज वाटते, पण ऐकायचं होतं. घरी यमुनाबाईंना सगळं सांगितलं. त्या करंज्यांचं सारण परतत होत्या. त्यांनी विचारलं, "त्याची बायको होती ना हो? एकदा आली होती दुकानात, तुम्ही म्हणाला होता. उंचशी." मी म्हणालो, सारजाबाई. "तिने काय केलं असेल हो ह्या सगळ्याचं," त्या म्हणाल्या आणि स्टो बारीक केला. मला असा प्रश्न सुचलाच नव्हता. मी सतरा वर्षांत आणि त्या एका दिवसात फक्त बन्सीचा विचार केला होता, तोही किल्लीपुरता.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. चाळीस वर्षांत दिवाळीच्या तोंडावर कधी टाकली नव्हती. पहाटे उठून एका कागदावर सगळं लिहून काढलं, वर तारीख, खाली सही, की बन्सी ह्यांच्यावर आलेला आळ खोटा असून चूक माझी आहे. पिशोरच्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली. हर्सूलचा तलाव गेला, तुरुंगाची लांबलचक भिंत गेली, आणि मी आपला मनाशी बोलायची तयारी करत होतो. वाक्यं जुळवत होतो. चूक कशी झाली हे सांगताना म्हणायचं, की कोठीत अंधार होता, बन्सी आत कंदील घेऊन, मी उंबऱ्यात वही घेऊन. तो चिठ्ठी वाचायचा, मी ऐकून लिहायचो. चिठ्ठ्या माझ्या डोळ्यांनी मी पाहिल्याच नाहीत, म्हणून पाठीचं उर्दू मला दिसलं नाही. हे सगळं खरं होतं. फुलंब्रीला गाडी थांबली, पेरूवाल्या खिडकीशी आल्या, आणि मी ते वाक्य पुन्हा एकदा मनात म्हणत असताना आतून बन्सीचा आवाज आला. आवाज मी ओळखला. कोठीतून यायचा तसाच घुमलेला होता. "मुनीमजी, ह्या चिठ्ठ्यांच्या पाठीला उर्दू हाय. तसाच सांगू का आकडा?"

त्याने विचारलं होतं. मी आठवण बाजूला सारायचा प्रयत्न केला. म्हटलं, अपराधी मन असं काहीबाही रचतं. पण मग माझं उत्तरही आठवलं, आणि ते मी रचलेलं नव्हतं, कारण इतकं माझ्या तोंडचं वाक्य दुसऱ्या कोणाला रचता येणार नाही. "तू आकडा सांग. बाकीचं मी बघतो." मला उंबऱ्यात डास चावत होते. मला घरी जायचं होतं. आणि एका निरक्षर माणसाने माझ्या कामात मला शंका काढून दाखवावी हे मला आवडलं नव्हतं, तेही आठवलं. बाकीचं मी बघतो. गाडी सुटली. शेजारच्या शेतकऱ्याने मला विचारलं, बरं नाही का, आणि चुना-तंबाखूचा हात पुढे केला. मी नको म्हणालो. पुढचा सगळा रस्ता मी एकही वाक्य जुळवलं नाही.

बन्सीचं घर गावाच्या वरच्या अंगाला होतं, दोन खण आणि पुढे ओटा. बाजाराचा दिवस, तो बाजारात होता. सारजाबाई एकट्याच होत्या. केस पिकले होते, उंची तशीच. मी नाव सांगितलं तेव्हा त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि म्हणाल्या, "मुनीमजी व्हय? बसा." पाण्याचा तांब्या दिला. मी पाणी प्यालो. बन्सी येईपर्यंत थांबायचं ठरवून आलो होतो, पण त्या समोर जात्याला टेकून बसल्या आणि काही विचारेनात, आणि मला ते सोसेना. मी त्यांना सांगून टाकलं. सात, सहा, चौदा हजार, काही सोडलं नाही; बन्सीने विचारलं होतं हेही सांगितलं. त्यांना हिशेब समजला नाही. त्यांनी एकच विचारलं.

"मंजी त्यांनी नाय घेतलं?"

"नाही. कोणीच घेतलं नाही. ते पैसे नव्हतेच."

"नव्हतेच," त्या म्हणाल्या. अंगणात एक शेळी दावं ओढत होती, त्यांनी तिकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "म्या ते पैसे लई हुडकले, मुनीमजी. कनगीत हात घालून बघितलं. गोठ्याच्या आढ्याला बघितलं. ननंदेच्या लग्नात यांनी पितळी भांडी केली, तवा मनात म्हनले, तिथं निघाले. मंग वाटलं औरंगाबादेत कोनी बाई ठिवली असंल." त्यांनी हाताचा पालथा पंजा ओठांवर धरला आणि काढला. "आन तोंडानं काय म्हनले, ठाव हाय का? ते घरी आले त्या दिशी जेवंना झाले. दोन दिस जेवले नाय. तवा म्या म्हनले, गाव काय बी म्हनू द्या, मला ठाव हाय तुमी घेतलं नाय. मंग जेवले. तोंडानं म्हनले. मनात धरलं व्हतं, घेतलं म्हनून. येवडा दोन हजाराचा माल, कुटं जाईल? घेतलंच असंल, असं धरून चालले."

धरून चालणं माझंच. त्या रडत नव्हत्या. चेहरा मात्र असा झाला होता की तो पाहणं मला बरं वाटेना. बाहेर सायकलची घंटी वाजली तशा त्या चटकन उठल्या. कोपऱ्यातली घागर रिकामी नव्हती, ती त्यांनी मोरीत ओतून रिकामी केली. "तुमी सांगा त्यांना," त्या हळूच म्हणाल्या. "सांगायलाच पायजे. पर म्या हितं नको. त्यांनी माझं तोंड बघितलं की त्यांना कळंल." घागर कमरेवर घेऊन त्या मागल्या दाराने आडावर गेल्या.

बन्सी आत आला. सायकलवरून कापडाचं गाठोडं उतरवून त्याने ओट्यावर ठेवलं, माझ्याकडे क्षणभर पाहिलं, आणि हात जोडले. "मुनीमजी. लई दिसांनी." त्याचा कमरेतला ताठपणा गेला होता, बाकी तोच. मी उभा राहिलो आणि उभ्यानेच सांगितलं. ह्यावेळी मला कमी शब्द लागले. तो खाली मान घालून ऐकत होता आणि गाठोड्याच्या गाठीवरून अंगठा फिरवत होता. मी थांबलो तेव्हा म्हणाला, "म्या आकडा बरुबर सांगितला व्हता ना?"

"बरोबर सांगितला होतास."

"आन इचारलंबी व्हतं."

"हो. विचारलं होतंस. मी म्हणालो, बाकीचं मी बघतो."

"मला वाटायचं, म्या सपनात इचारलं," तो म्हणाला. त्याने डोळे पुसले नाहीत, पुसायला काही नव्हतं. फक्त भिंतीला टेकून खाली बसला, फार चालून आलेला माणूस बसतो तसा. मी खिशातला कागद काढून दिला. चावडीत वाचून दाखवायला मी स्वतः येतो म्हणालो, आज, आत्ता. तात्यासाहेबांचं काय, असं त्याने विचारलं नाही. कागद घडी करून बंडीच्या खिशात ठेवला. "वाचू की," तो म्हणाला. "गाव आता इस्वास ठिवंल न ठिवंल, गावाचं काय. म्या निभावलं ते ह्या घरावर. दोन दिस म्या अन्नाला शिवलो नव्हतो, मुनीमजी. मरायचंच ठरवलं व्हतं. सारजा म्हनली, मला ठाव हाय तुमी घेतलं नाय. येवड्या जगात येक मानूस. त्येवड्यावर सतरा वर्सं काढली." मागच्या बाजूला रहाटाचा आवाज येत होता, सावकाश, मधेच थांबून पुन्हा. बन्सीने कान देऊन तो ऐकला आणि मग एकदम माझ्याकडे वळला.

"तिला सांगितलं का तुमी?"

आयुष्यभर मी जे झालं तेच लिहिलं, निदान तसं समजत आलो. तो माझ्या तोंडाकडे पाहत होता, सतरा वर्षांपूर्वी गादीसमोर पाहिलं होतं तसाच, हिशेब मला समजतो म्हणून. ह्यावेळी मी दुसरीकडे पाहिलं नाही.

"नाही," मी म्हणालो. "त्यांना मी काही बोललो नाही."

"बरं केलं," बन्सी म्हणाला. "नकाच सांगू. तिला पहिल्या दिसापासनं ठाव हाय."